दसऱ्याला सीमोल्लंघन: मुदत संपलेल्या व्हिसावर नायगाराच्या पलीकडे दोन रात्री

२०२२ च्या जुलैत आम्ही दोघं नायगाराला गेलो होतो, अमेरिकेच्या बाजूने. संध्याकाळी टेरापिन पॉइंटच्या कठड्याशी उभे होतो. समोर हॉर्सशू फॉल्सचं धुकं आणि त्याच्या पलीकडे कॅनडातल्या हॉटेलांचे दिवे एकेक करून लागत होते. नवरा म्हणाला, "तिथल्या खिडकीतून हे कसं दिसत असेल गं?" मी काहीच बोलले नाही. माझ्या पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत संपली होती आणि त्याच्या व्हिसाची दोन महिन्यांत संपणार होती. मधे फक्त नदी होती, पण पलीकडे गेलो तर परत घरी येता येईल का, हे आम्हाला माहीत नव्हतं.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही त्या खिडकीत बसून आलो. तयारीला पाच महिने लागले, राहणं मात्र दोनच रात्रींचं. या पाच महिन्यांत मला जे शोधून शोधून कळलं ते सगळं इथे लिहितेय, कारण आमच्यासारखे कितीतरी जण "व्हिसा संपलाय, आता भारतात जाऊन पासपोर्टवर नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग होईपर्यंत कुठेच नाही" असं धरून बसलेले मला माहीत आहेत. आम्हीही तसेच बसलो होतो.

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून पाहता येईल. मी २०१७ मध्ये एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर एमएस करायला आले. नंतर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी), मग ऑक्टोबर २०२१ पासून एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारी नोकरीची परवानगी). हा बदल अमेरिकेत राहूनच झाला, त्यामुळे पासपोर्टमध्ये एच-१बीचा शिक्का कधी बसलाच नाही. आहे तो जुना विद्यार्थी व्हिसा, मुदत संपलेला. नवरा एच-१बीवरच आहे. त्याचं एक्स्टेन्शन मंजूर झालेलं आहे, पण शिक्का जुनाच. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात लग्न झालं, अकरा दिवसांच्या रजेत सगळं उरकून परत आलो. एप्रिलमध्ये मेक्सिकोला जायचं बुकिंग होतं, ते कोविडमध्ये गेलं. तेव्हापासून आम्ही अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. भारतात गेलो आणि शिक्क्याची अपॉइंटमेंट मिळाली नाही, किंवा पासपोर्ट तिकडेच अडकून राहिला तर? दोघांच्या नोकऱ्या, भाड्याचं घर, सगळं इथे. दर दिवाळीला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिलो.

मे महिन्यात ऑफिसमधल्या एका तेलुगू मैत्रिणीने जेवताना सहज विचारलं, "मग कॅनडाला का जात नाही? ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन आहे ना." मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

मला समजलं ते असं. व्हिसा म्हणजे दारातून आत यायची परवानगी आणि स्टेटस म्हणजे आत राहायची. स्टेटस चालू असेल, आय-९४ (कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल ते सांगणारी नोंद) वरची तारीख पुढची असेल, आणि तुम्ही फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन येत असाल, तर परत येताना जुना, मुदत संपलेला व्हिसा चालू असल्यासारखा धरला जातो. इथेच राहून स्टेटस बदललं असेल तर जुना व्हिसा नव्या स्टेटसचा मानला जातो, म्हणजे माझा एफ-१ चा शिक्कासुद्धा चालणार होता. हा नियम अमेरिकेच्या केंद्रीय नियमावलीत २२ सीएफआर ४१.११२ (डी) या कलमात आहे. मात्र तिकडे असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही, मधे तिसऱ्या देशात जायचं नाही, आणि पासपोर्ट चालू हवा. व्हिसा कधी रद्द झाला असेल किंवा एखादं पोलीस प्रकरण झालं असेल, तर आधी वकिलाशी बोला. आम्हीही ऑफिसच्या इमिग्रेशन वकिलांना ईमेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं: जाता येईल, आय-७९७ (मंजुरीची नोटीस) मूळ प्रत सोबत ठेवा, आय-९४ कुणालाही देऊ नका.

त्या उत्तरातला शेवटचा भाग मला तेव्हा कळला नाही, आणि त्यावरूनच मी पहिली चूक केली. आय-९४ म्हणजे सरकारी साइटवरून छापून घ्यायचा कागद, एवढंच मला ठाऊक होतं. साइटवर गेले तर माझी फेब्रुवारी २०२० ची नोंद दिसली, विद्यार्थी म्हणून आत आल्याची. पोटात गोळाच आला. नवऱ्याने फाइल काढून आय-७९७ए ची नोटीस समोर धरली. तिच्या तळाशी एक वेगळा तुकडा असतो, त्यावर आय-९४ असं छापलेलं असतं, नव्या तारखेसह. साइट शेवटच्या प्रवेशाची नोंद दाखवते; इथे राहूनच मंजुरी मिळाली असेल तर खरा आय-९४ तो तळाचा तुकडा. तो फाडायचा नाही, लॅमिनेट करायचा नाही, आणि देश सोडताना कुणाच्या हाती ठेवून यायचा नाही. सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

आता कॅनडाचा व्हिसा. भारतीय पासपोर्टला तो लागतोच, अमेरिकेत एच-१बीवर असलात तरी. अर्ज ऑनलाइन असतो. आम्ही ९ जूनच्या रविवारी भरला. शुल्क माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांच्या ठशांचे माणशी ८५, दोघांचे मिळून ३७०, म्हणजे अमेरिकन सुमारे २७० डॉलर. सोबत पासपोर्टची सगळी पानं, आय-७९७, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट्स, कंपनीचं पत्र, हॉटेलचं बुकिंग आणि का जातोय याचं एक पानी पत्र जोडलं. हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच बुक करा. व्हिसा कधी हातात येईल याचा भरवसा नसतो. पत्र मी मन लावून लिहिलं. लग्नाला चार वर्षं झाली, एकत्र सुट्टी झालेली नाही, दोन रात्री धबधबा पाहून आम्ही न्यू जर्सीला परत येणार, कारण नोकरी आणि घर इथे आहे. खोटं काही लिहायचं नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं. गेल्या दहा वर्षांतल्या नोकऱ्या आणि शिक्षण यांत एक महिन्याचीही फट राहू देऊ नका. नवऱ्याची दोन नोकऱ्यांमधली सहा आठवड्यांची फट राहून जाणार होती. "नोकरी शोधत होतो, पुण्यात घरी" असं सरळ लिहून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी ठशांचं पत्र आलं. ते घेऊन अमेरिकेच्याच इमिग्रेशन खात्याच्या केंद्रात जायचं असतं, जिथे ग्रीन कार्डवाल्यांचे ठसे घेतात तिथेच. आम्हाला एलिझाबेथचं केंद्र मिळालं, शुक्रवार २१ जून. पासपोर्ट आणि ते पत्र, एवढंच लागलं. पंधरा मिनिटांत बाहेर.

मग सुरू झालं वाट पाहणं. या काळाबद्दल सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, पण त्रास याचाच सर्वांत जास्त झाला. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी मी लॉगिन करायचे. तेच वाक्य. जुलै असाच गेला. ३० जुलैला मला "पासपोर्ट पाठवा" असा निरोप आला, फक्त मला. नवऱ्याचं काहीच नाही. अर्ज एकाच दिवशी, तीच कागदपत्रं. त्याने पेढा भरवला मला, पण मी पाहत होते, त्याला ते लागलं होतं. "तुझी मैत्रीण येते का बघ, तुम्ही दोघी जाऊन या," असंही म्हणून झालं त्याचं. मी लॉगिन करणं सोडून दिलं, कारण आता उघडायचं होतं ते त्याचं खातं आणि ते मी उघडणं त्याला नको होतं. १४ ऑगस्टला दुपारी त्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

दोघांचे पासपोर्ट १६ ऑगस्टला एकत्र न्यूयॉर्कच्या व्हिसा अर्ज केंद्राकडे कुरियरने पाठवले. केंद्राचं शुल्क आणि जातायेताचं कुरियर धरून आम्हाला ११० डॉलर पडले. पाकिटात टाकण्याआधी प्रत्येक पानाची आणि आय-७९७ ची स्कॅन करून ठेवली. तीन आठवडे हातात पासपोर्ट नव्हता. कधी लागला नाही, पण रात्री मला जाग यायची आणि आठवायचं. पासपोर्ट परत आले ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गणपती बसले तेव्हा ते दोन्ही पासपोर्ट मी मखराशेजारी ठेवले होते.

तारीख ठरवताना एक गंमत झाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी अमेरिकेत कोलंबस डेची सुट्टी असते आणि कॅनडात त्याच दिवशी थँक्सगिव्हिंग. म्हणजे शनिवार ते सोमवार, १२ ते १४ ऑक्टोबर. नवऱ्याने कॅलेंडर उघडलं आणि हसायला लागला. शनिवारी दसरा होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग मुहूर्त कसला शोधतेस, सीमोल्लंघनच आहे!" दोन्ही देशांत सुट्टी म्हणजे भाव चढे आणि पुलावर रांग, हे कळत होतं. तरी तीच तारीख धरली.

निघण्याआधी दोन कामं केली. गाडीच्या विमा कंपनीला फोन करून कॅनडात चालणारं विम्याचं कार्ड मागून घेतलं. फुकट मिळतं, फक्त मागावं लागतं. आणि पर्समधून आपट्याची वाळलेली पानं काढून ठेवली. आईने गेल्या वर्षी पाकिटातून पाठवली होती, ती तिकडे एकमेकांना द्यायची असं माझ्या मनात होतं. पण झाडपाला, बिया, फळं सीमेवर सांगावी लागतात, आणि जाताना नव्हे तर येताना नको तो प्रश्न नको. ती देवापुढे ठेवली आणि पूजा करून पहाटे पाचला निघालो.

घरून, म्हणजे एडिसनहून, साधारण चारशे मैल. पोकोनोच्या डोंगरातून बिंगहॅम्टन, मग कॉर्निंगवरून वर. झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी होती. दुपारी दोनला बफेलो मागे टाकलं आणि रेनबो ब्रिजच्या रांगेत लागलो. हा पूल १९४१ सालचा. मधोमध दोन्ही देशांचे झेंडे आहेत आणि डावीकडे दोन्ही धबधबे दिसतात. पन्नास मिनिटं रांगेत होतो, मला ती कमीच वाटली.

कॅनडाच्या अधिकारी बाईंनी विचारलं: कुठे राहता, किती दिवस, हॉटेल कुठलं, दारू, तंबाखू, हत्यार, गांजा? मग पासपोर्ट उलटून पाहत, "तुमचा अमेरिकेचा व्हिसा संपलाय. परत कसे जाणार?" नवऱ्याने आय-७९७ दिलं, मी नियमाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, शिक्के मारले, "हॅपी थँक्सगिव्हिंग". पुलावरून उतरल्यावर पहिल्याच वळणाला नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघंही बोललो नाही. चार वर्षं आठ महिन्यांनी अमेरिकेबाहेर होतो.

खोली अठराव्या मजल्यावर होती, फॉल्सव्ह्यू भागात. बुक करताना एक गोष्ट नीट वाचा: "फॉल्स व्ह्यू" आणि "पार्शियल व्ह्यू" यांच्या भावात फार फरक नसतो, दृश्यात असतो. आम्ही पूर्ण घेतली, रात्रीला २८९ कॅनेडियन. वर तेरा टक्के कर, पर्यटनाच्या नावाचं एक शुल्क, आणि पार्किंग दिवसाला ३५. दोन रात्रींचं बिल ७५० च्या वर गेलं. बुकिंगच्या पानावर हे सगळं एकत्र दिसत नाही, आधी फोन करून विचारा.

पडदा मी उघडला. खाली हॉर्सशू फॉल्स, सबंध. आणि त्याच्या पलीकडे, काठावर, टेरापिन पॉइंटचा कठडा, त्याच्याशी मुंगीएवढी माणसं. २०२२ मध्ये आम्ही उभे होतो ते ठिकाण मी नवऱ्याला बोट करून दाखवलं. तो खिडकीशी खुर्ची ओढून बसला आणि जेवायला जाईपर्यंत उठला नाही.

रात्री त्या पाण्यावर रंगीत झोत टाकतात. आम्ही दिवा बंद करून पाहत होतो. तेव्हा नवऱ्याने फोनवर वाचून दाखवलं की हे पाणीसुद्धा कागदावर चालतं. १९५० मध्ये दोन देशांनी करार केला आहे: पर्यटनाच्या दिवसांत, दिवसा, धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी सोडायचं, रात्री आणि हिवाळ्यात निम्म्यावर आणता येतं, उरलेलं दोघांनी वीज करायला वळवायचं. ऑक्टोबरात ही दिवसाची वेळ रात्री आठपर्यंत असते. मला ते ऐकून फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या नदीलाही दोन्ही सरकारांची कागदपत्रं लागतात, तर आमची पाच महिन्यांची फाइल काय मोठी!

रविवारी फारसं काही केलं नाही, तेच हवं होतं. सकाळी इन्क्लाइन रेल्वेने खाली टेबल रॉकला गेलो, लाल पोंचो घालून बोटीतून धबधब्याच्या तोंडाशी जाऊन भिजून आलो. पलीकडून अमेरिकेची बोट येते, तिच्यातली माणसं निळ्या पोंचोत. दुपारी नायगारा पार्कवेवरून नायगारा-ऑन-द-लेकपर्यंत गाडी नेली. नदीकाठचा हा रस्ता चुकवू नका. संध्याकाळी परत खिडकी. कॅनडात गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे, दुकानं उघडी दिसतात. तुम्ही व्हिसावर असाल तर तिकडे पाहूही नका. सीमेवर त्याचा उल्लेखसुद्धा महागात पडतो.

झोप मात्र रविवारी रात्री लागली नाही. परतीचा विचार. मी तीनला उठून फाइल पुन्हा लावली: पासपोर्ट, आय-७९७ मूळ, तीन पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, हॉटेलचं बिल म्हणजे किती दिवस राहिलो याचा पुरावा, आणि त्या कलमाचं छापलेलं पान.

सोमवारी अकराला पुलावर. सव्वा तास रांग. खिडकीतला अधिकारी तरुण होता. माझा पासपोर्ट उघडला आणि म्हणाला, "हा एफ-१ आहे आणि संपलेला आहे." मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं: मी एच-१बीवर आहे, आम्ही दोन दिवसांसाठी फक्त कॅनडात होतो, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनवर परत येतोय. त्याने नवऱ्याचा पासपोर्ट पाहिला, आमच्याकडे पाहिलं, एक चिठ्ठी वायपरखाली अडकवली आणि बाजूला जायला सांगितलं. सेकंडरी, म्हणजे आत नेऊन होणारी जादा तपासणी. हे होऊ शकतं असं वाचलेलं होतं, तरी पाय थरथरत होते. गाडीची किल्ली त्यांच्याकडे द्यायची, फोन वापरायचा नाही, बाकावर बसायचं. आमच्याआधी चार कुटुंबं होती, त्यांतली दोन आपलीच, देशी. एका आजींच्या हातात जपमाळ होती.

चाळीस मिनिटांनी नाव पुकारलं. आत वयस्क अधिकारी होते. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कॅनडात अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केला का? नाही. आणखी कुठे गेलात? नाही. त्याच कंपनीत काम करता? हो. आय-७९७ च्या तळाचा तुकडा त्यांनी नीट पाहिला, आणि जसाच्या तसा परत दिला. छापलेलं पान मी पुढे केलं तर हसून म्हणाले, ठेवा, मला माहीत आहे. पासपोर्टमध्ये शिक्का, तारीख, "वेलकम होम". त्या दोन शब्दांनी मला रडू आलं. नवरा किल्ली घ्यायला गेला तोवर मी तोंड धुऊन आले.

घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. हातपाय धुतले, देवापुढची आपट्याची पानं उचलली आणि दोन दिवस उशिरा एकमेकांना सोनं दिलं. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, ती वाटच पाहत होती.

खर्चाचा हिशोब, कुणाला लागला तर: कॅनडाचा व्हिसा २७० अमेरिकन डॉलर, पासपोर्टचं कुरियर ११०, हॉटेल ५५०, पेट्रोल ११०, खाणं आणि बोट मिळून सव्वादोनशेच्या आसपास. शुल्कं आणि नियम बदलत असतात, तुम्ही निघाल तेव्हाचे तपासून घ्या. आणि परत आल्यावर आय-९४ च्या साइटवर जरूर जा. काही जणांना सीमेवर नवा आय-९४ देतात आणि त्यावरची तारीख पासपोर्टच्या मुदतीनुसार अलीकडची पडू शकते. तसं झालं तर तीच तारीख लागू होते, आणि ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. आम्ही मंगळवारी सकाळी पाहिलं. आमची नोंद बदलली नव्हती. तळाचा तुकडा पुन्हा फाइलमध्ये गेला, आणि फाइल नवऱ्याने कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवली आहे. जानेवारीत पुण्याची तिकिटं बघायची असं चाललंय.